हवेतले व्याही

बहिरू पेंटरच्या ब्रशखाली आलेला प्राणी, मग तो वाघ असो की पैलवान, सावधान उभा राहत असे. याला कारण होतं. उमेदवारीची वर्षं त्याने मेन रोडच्या एका फोटो स्टुडिओत काढली होती आणि तिथे त्याच्याकडे काम एकच: वारलेल्या माणसांचे फोटो मोठे करून रंगवायचे. आजोबा समोर बघताहेत, दोन्ही कान दिसताहेत, टोपी सरळ आहे, झालं. वारलेली माणसं हलत नाहीत आणि तक्रारही करत नाहीत. बहिरूला त्यांची इतकी सवय झाली की पुढे स्वतःचं दुकान काढल्यावर हयात माणसंसुद्धा त्याच्या हातून वारल्यासारखीच निघू लागली.

अंबडच्या एका व्यायामशाळेवर त्याने झेपावणारा वाघ काढला होता. तो पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा दिसे. पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात त्याने भीम-जरासंधाचं युद्ध रंगवलं, तर लग्नाला आलेली मंडळी विचारत, यातला वरपक्षाचा कोण?

तरी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर यांवर घर चालत होतं. मग दोन हजार तीनच्या सुमाराला राज नावाच्या तरुणाने बहिरूच्या दुकानासमोरच फ्लेक्स छापायचं दुकान थाटलं. बघता बघता पाट्या त्याच्याकडे गेल्या. बहिरूचा मेहुणा सिन्नरच्या कारखान्यात होता. तो दर आठवड्याला फोन करायचा, "दाजी, या इकडे. पिंपांवर नंबर टाकायचे. सावलीत काम आहे." बहिरू "बघू" म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ काही खायचा नाही.

अशात धोंडीराम वस्तादांनी त्याला घराला लागून असलेल्या आपल्या तालमीवर बोलावलं. वस्ताद आता मखमलाबादला गुलाब लावत आणि सकाळी जुड्या बांधून बाजारात पाठवत. पण तरुणपणी त्यांनी निफाडच्या यात्रेत रावजी पैलवानाला धोबीपछाड मारून चीत केलं होतं, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस त्या गल्लीत फक्त पोस्टमन होता, तोही नवा होता म्हणून.

"पेंटर," वस्ताद म्हणाले, "ती कुस्ती या भिंतीवर पाहिजे. हनुमान जयंतीला पडदा काढायचा. माणूस रस्त्यावरून जाता जाता थांबला पाहिजे. नाही जमलं तर सांग, राज म्हणतो अख्खी भिंत झाकून देतो."

बहिरूला पुढचं न सांगता कळलं. तालमीच्या भिंतीवर फ्लेक्स चढला की गावात रंगवायला भिंत उरणार नाही. उरतील फक्त पिंपं.

त्याने कोळशाने पहिला आराखडा काढला. दोन पैलवान, दोन्ही समोर बघताहेत, चारही कान दिसताहेत. धरायला काहीतरी हवं म्हणून एकाने दुसऱ्याचा हात धरलेला. वस्तादांच्या पत्नी लताबाई फुलांची पाटी घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"कुणाची एकसष्टी आहे?" त्यांनी विचारलं.

"काकू, कुस्ती आहे ती."

"असू दे, असू दे. दोघं समजूतदार दिसतात."

बहिरूने आराखडा पुसला आणि जिवंत नमुना बघायचं ठरवलं. तालमीतला सुनील हा वस्तादांचा पट्टशिष्य. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला बहिरूने लंगोटावर उभं केलं आणि म्हणाला, "लढा." ते फार छान लढत होते. बहिरूने वही उघडली मात्र, दोघांनी एकमेकांना सोडलं, मिशांवरून हात फिरवला, छाती फुगवली आणि हात मांड्यांना चिकटवून समोर बघू लागले. सुनीलने तर भांग पाडून येऊ का म्हणून विचारलं. आपल्याकडे चित्र काढणारा दिसला की माणूस सरळ उभा राहतो. लहानपणी फोटोग्राफरने "हलू नका" म्हणून दिलेला दम हाडात मुरलेला असतो.

"मी नाहीच असं समजा," बहिरू म्हणाला.

"समजलो," सुनील म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

घरी आल्यावर बायकोने, आशाने, त्याचा चेहरा बघितला आणि जास्त न विचारता त्याला वर्षभराच्या उन्हाळी कांद्याचं पोतं आणायला मार्केट यार्डात पिटाळलं. पुरुष चिंतेत असला की त्याला जड काहीतरी आणायला लावावं, असं तिचं मत होतं.

तिथे बहिरूच्या डोळ्यांसमोर एक हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून उतरत होता. तेवढ्यात कांद्याच्या सालावर त्याचा पाय सरकला. हमाल कमरेत वाकला, एक गुडघा मोडला, एक पाय मागे ताणला गेला आणि पोतं त्याच्या खांद्यावरून तिरकं वर उठलं. आडत्याचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. भाव पाडणारा आणि भाव चढवणारा, दोघेही गप्प झाले. सगळ्या माना एकाच दिशेला. मग पोतं पडलं, कांदे पसरले, आणि त्याच क्षणी सगळे आपापल्या भांडणाकडे परतले. पडलेल्या पोत्याकडे कुणी ढुंकूनही बघेना.

बहिरू तेवढा उभा होता.

"कांदे बघून आणले ना?" घरी आशाने विचारलं.

"कांदे नाही बघितले. पोतं बघितलं."

आशाने आणलेल्या पोत्यातून चार कांदे काढले आणि स्वतःच दाबून बघितले.

दुसऱ्या दिवशी ते पोतं तालमीत गेलं. बहिरूने आढ्याला दोर बांधून ते तिरकं लटकवलं, असं की आता पडेल की मग पडेल. खाली सुनीलला वाकवून उभं केलं. पोत्यापुढे मिशीवर हात फिरवायला त्याला हात मोकळा नव्हता, त्यामुळे चित्र पहिल्यांदाच पुढे सरकू लागलं. पोतं म्हणजे रावजी पैलवान आणि सुनील म्हणजे वस्ताद. एकच पंचाईत होती. आशा रोज संध्याकाळी येऊन भाजीपुरते कांदे काढून नेई. सांगून ऐकेना. त्यामुळे भिंतीवरचे रावजी दिवसेंदिवस सडपातळ होत गेले.

चित्रात मागे यात्रेची गर्दी होती, म्हणजे तालमीची कमिटी. बहिरूने त्या सगळ्यांना आडत्यासारखं बघायला लावलं: माना तिरप्या, डोळे हवेतल्या पोत्यावर. यावरून बोंब झाली. अध्यक्ष यादवशेठ म्हणाले, "रंगाचे डबे मी दिलेत. माझं तोंड पूर्ण पाहिजे. समोर."

"शेठ, सगळे कुस्ती बघताहेत."

"बघू देत की. मी लोकांकडे बघतो."

बहिरूने निमूटपणे यादवशेठांना समोर बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या एका बाईने चित्र बघितलं आणि पर्स छातीशी धरली. मग एका माणसाने खिसा चाचपला. एवढ्या गर्दीत कुस्ती सोडून दुसऱ्यांकडे बघणारा माणूस एकच असतो, आणि त्याचा धंदा सगळ्यांना ठाऊक असतो. संध्याकाळी यादवशेठ स्वतः आले.

"पेंटर, माझी मान फिरव."

"तोंड अर्धंच दिसेल."

"पाव दिसलं तरी चालेल. फिरव आज."

चित्र रंगात आलं आणि इकडे वस्तादांच्या घरात वेगळाच रंग भरला. त्यांची मुलगी शुभांगी हिला निफाडचं स्थळ आलं. मुलगा ललित, काडीसारखा बारीक, अंबडला कंपनीत. घरी द्राक्षांची बाग. माणसं चांगली, पत्रिका जुळली, मुलामुलीची पसंती झाली. सुपारी हनुमान जयंतीलाच तालमीच्या ओट्यावर फोडायची ठरली. हे सगळं झाल्यावर मुलाच्या वडिलांचं नाव वस्तादांनी नीट ऐकलं. ते रावजी पैलवान होते.

लताबाई त्याच पावली भिंतीपाशी आल्या. मागून वस्ताद.

"व्याह्यांना लोळवलेलं चित्र दारात लावून मुलगी देणार का तुम्ही?" लताबाई म्हणाल्या.

"मग काय मी लोळलो असं काढायचं? जिंकलो होतो मी. अख्ख्या निफाडाने बघितलंय."

"अख्ख्या निफाडाला तुमच्या मुलीला नांदवायचं नाहीये. त्यांना एकट्यांना नांदवायचंय. पेंटर, यात व्याही पडलेले दिसता कामा नयेत. नाहीतर मीच राजला बोलावते, भिंतीवर मारुतीचा फ्लेक्स लागू दे."

"पेंटर," वस्ताद म्हणाले, "यात मी जिंकलेलो दिसलो नाही, तर राजला मी बोलावतो."

बहिरूने ब्रश खाली ठेवला. सिन्नरची पिंपं त्याच्या डोळ्यांपुढे एकापाठोपाठ एक गडगडत गेली. त्याने चित्राकडे बघितलं. पोतं हवेत होतं.

"काकू," तो म्हणाला, "ते पडलेले नाहीत."

लताबाईंनी निरखून पाहिलं. खरंच नव्हते.

"आणि वस्ताद, ते पडणार आहेत."

वस्तादांनी निरखून पाहिलं. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. दोघेही समाधानाने, एकमेकांकडे न बघता आत गेले.

हनुमान जयंतीला पाहुणे जीप करून आले. रावजी पैलवान आता दारातून आडवे आत येण्याच्या मापाचे झाले होते. मारुतीची आरती झाली आणि यादवशेठांनी पडदा ओढला. बहिरू खांबामागे उभा होता. लताबाईंच्या हातात सुपारी होती, अजून फुटायची.

भिंतीवर मांड्या ताणलेले, कमरेत वाकलेले वस्ताद होते. त्यांचा मागचा पाय, पाठ आणि खांदा एका तिरक्या रेषेत वर चढत गेले होते, आणि त्या रेषेच्या टोकाला, मोकळ्या निळ्या आभाळात, पाय वर केलेले रावजी. गर्दीतली प्रत्येक मान त्यांच्याकडे वळलेली. चित्र बघणाऱ्याचीही आपोआप वळत होती. वस्तादांचं तोंड मात्र खाली गेल्यामुळे त्यांचा टाळूचा भाग तेवढा ठळक आला होता. हे वस्तादांच्या ध्यानात आत्ता आलं.

रावजींनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत लावला.

"वर कोन हाय?"

"तुम्हीच," बहिरू म्हणाला. त्याचा आवाज खांबामागेच राहिला.

"आन् खाली?"

"मी," वस्ताद म्हणाले.

"तुमचं तोंड दिसत नाय, पाव्हणं."

"त्या डावात ते खालीच असतं."

रावजींनी आणखी जवळ जाऊन पाहिलं. "तवा मी असाच सडपातळ व्हतो. घरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना. बघ रं ललित." मग मागे सरून म्हणाले, "उडी लय भारी काढलीय."

"उडी नाही ती," वस्ताद म्हणाले. "धोबीपछाड आहे."

"आसंल. पन तुमच्या पाठीवरनं मी पल्याड उडी घेतली, ती हीच ना?"

वस्तादांनी तोंड उघडलं. लताबाईंना त्याच वेळी खोकला आला. तो साधा खोकला नव्हता. संसारात असा खोकला फार क्वचित ऐकू येतो आणि आला की पुरुष जन्मभर विसरत नाही. वस्तादांनी त्यांच्या हातातल्या सुपारीकडे पाहिलं, शुभांगीकडे पाहिलं, भिंतीवरच्या आपल्या टाळूकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "सुरुवात तशी उडीनेच झाली होती."

सुपारी फुटली. पेढे वाटले गेले.

तेव्हापासून त्या भिंतीपाशी रस्त्याने जाणारा माणूस थांबतो आणि विचारतो, "मग पुढं काय झालं?" वस्ताद त्यासाठी संध्याकाळी ओट्यावरच बसलेले असतात. व्याही निफाडला असले की गोष्ट एका प्रकारे संपते. व्याही मुक्कामाला असले की दोघे शेजारी बसून सांगतात आणि ऐकणारा दोन शेवट घेऊन घरी जातो. लोक त्यासाठी मुद्दाम दुसऱ्यांदा येतात.

मध्यंतरी राज आला होता. म्हणाला, "वस्ताद, चित्रात पुढचं राहिलंय. मी शेजारी फ्लेक्स लावून देतो, रावजी खाली, तुम्ही वर, तुमचा चेहरा मोठा." आत रावजी जेवायला बसले होते. लताबाई वाढत होत्या. वस्तादांनी एकदा आतल्या पंगतीकडे बघितलं.

"नको," ते म्हणाले. "पुढचं मी तोंडी सांगतो."

मेहुण्याचा फोन आला तेव्हा बहिरू डबे आणि ब्रश पिशवीत भरत होता. पिंपांना आता सवड नाही म्हणाला. रावजींना निफाडच्या घराच्या भिंतीवर तीच कुस्ती हवी होती, पलीकडच्या बाजूने बघितलेली.

"म्हणजे तेच जिंकल्यासारखे?" आशाने विचारलं.

"तेही हवेतच. फक्त उतरायची जागा दिसायला पाहिजे म्हणतात. पोतं देतेस ना?"

आशाने पोत्याकडे बघितलं. तळाशी जेमतेम आठवड्याचे कांदे उरले होते.

"यातून रावजी नाही निघायचे आता," ती म्हणाली. "फार तर ललित निघेल. पोतं तिकडचंच घ्या."