अर्धा राहिलेला धवला

“आये, मना उठता येत नाय गो,” पूर्वी म्हणाली आणि भिंतीला धरून पुन्हा खाली बसली.

मी मांडवातून घोटभर पाणी प्यायला आत आले होते. मी भामा, धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवला, गाणारी. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. हळद कांडण्यापासून देवांना नाव घेऊन बोलावण्यापर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालतं. त्या दिवशी हळद माझ्या लेकीच्याच सासरी होती, तिच्या दिराची, प्रणितची.

लेक सकाळपासून दिसली नव्हती. “ताप हाय तिला, निजलीय,” विहीण म्हणाली होती. ताप कसला, डोंबल! मागच्या खोलीत कांद्याच्या पोत्यांशेजारी पोर पांढरीफटक पडली होती आणि खालची गोधडी लाल झाली होती.

“गोळ्या घेतल्या आये. यवढ्यात मूल नको, असं दोघांनी ठरवलं. पनवेलच्या अरुंधतीबाईंनी तपासून दिल्या. दुसऱ्या गोळ्या काल घेतल्या.”

गोळ्या घेतल्या यात माझ्या लेकीचं काही चुकलं नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही.

“मंग यवढं रक्त कसं?”

“बाई बोलल्या, कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, मंग कमी व्हईल. कमीच व्हत नाय. पॅडवर पॅड भिजतंय, डोल्यांपुढं अंधारी येते. यांना सांगितलं मी.”

यांना म्हणजे धनेशला, माझ्या जावयाला. डॉक्टरीणबाईंसमोर तोही तिच्या शेजारी मान डोलवत बसला होता. मी त्याला मांडवातून ओढून आणला. तो मागोमाग आलेल्या आपल्या आईच्या तोंडाकडे बघायला लागला.

“हलू बोला विहीणबाय,” ती म्हणाली. “मांडवात देव बसलेत. घरात असलं रक्त हाय हे कळलं तर सगला इटाल व्हईल. हलद लागू दे, मंग मीच नेते तिला. बायकांचं चालायचंच.”

“तासाभराची तर गोष्ट हाय, आई,” धनेश म्हणाला. “आन बाई काय काय बोलल्या, मना आठवत बी नाय.”

धवला अर्ध्यावर सोडायचा नसतो. बोलावलेले देव गाऊनच परत पाठवायचे असतात. माझी सासू गेल्याची खबर आली, तेव्हाही मी धवला पुरा केला आणि मग रडले. पण त्या दिवशी मी सरळ मांडवात गेले आणि माईक हातात घेतला.

“ऐका गो बायांनो! या घरची सून मागं रक्तात पडलीय, आन हे हलद लावत बसलेत. देव मी बोलावले, पन परत धाडायची नाय. ऱ्हायलेला धवला या दाराला मिलायचा नाय.”

विहिणीच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली. मला शरम वाटली असेल असं वाटतं? छे! जीव गार झाला माझा.

शेजारच्या विठूच्या रिक्षात पोरीला घालून पनवेल गाठलं. रक्त चढवलं, गर्भपिशवीत अडकून राहिलेलं काढलं. “आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “मी दोघांनाही बजावून सांगितलं होतं हो.”

मग मी फोन घेऊन बसले. उरणपासून तळोज्यापर्यंत जितक्या धवलारणी, तितक्यांना सगळं सांगितलं. एकही त्या दारात गेली नाही. प्रणितचं लग्न त्यांनी मोबाईलवरची गाणी वाजवून उरकलं. पण नव्या सुनेच्या माहेरचे हटून बसले: देव मांडवात तसेच अडकलेत, धवला पुरा होईपर्यंत पोरगी नांदायला धाडणार नाही.

म्हणून धनेश माझ्या ओट्यावर आला. ताटात साडी, नारळ. शेजारपाजारच्या बाया जमल्या.

“चुकलो आई. मना खरंच आठवत नव्हतं. पूर्वीला धाडा, आन धवला तेवढा पुरा करा.”

“आठवत नव्हतं तर चूक झाली. चुकीला माफी हाय,” मी म्हणाले. “नारलावर हात ठेव. बाई काय बोलल्या व्हत्या ते आता आठवून सांग. खोटं बोलशील तर देव बघून घेईल.”

त्याने हात ठेवला. घडाघडा बोलायला लागला.

“तासाला दोन मोठे पॅड, असे लागोपाठ दोन तास भिजले तर थांबायचं नाय. चक्कर आली, गोळी घेऊन बी पोटातलं दुखणं थांबलं नाय, थंडी वाजून ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, तर लगेच यायचं. आन रक्त गेलंच नाय तरी बी यायचं.”

कुठेही अडखळला नाही. संपल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि नारळावरचा हात त्याने हळूच काढला. मला वाटलंच होतं, पण खरं सांगते, त्याला आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

पूर्वी आतून दाराला धरत आली. अजून चार पावलं चालली की तिला धाप लागायची. तिने साडी नीट घडी करून नारळाखाली ठेवली आणि ताट त्याच्या हातात दिलं.

“हे घेऊन जावा,” ती म्हणाली. “आन तुमच्या आईंना सांगा, पूर्वीचा ताप उतरला.”