न उघडलेलं दार

पडद्यावर त्या विधवेनं दार उघडलं आणि हेस्टर गॅरथवेटनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढचं बघायची तिला गरजच नव्हती. आता शेवाळ लोंबणारं प्रेत आत येणार, बाई किंकाळी फोडणार, वाद्यं कोकलणार. सकाळपासून चार सिनेमे झाले होते आणि चारही वेळा दार उघडलं गेलं होतं.

"उघडलं मेलीनं," ती पुटपुटली.

शेजारच्या खुर्चीतली जून ऑटली ओठ दाबून म्हणाली, "अगं, हळू बोल. दिग्दर्शक मागेच बसलाय."

"बसू दे की. ऐकून तरी घेईल."

स्कार्थविक हे यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. जुन्या भयकथांवरच्या सिनेमांचा महोत्सव तिथे दर ऑक्टोबरात भरतो. यंदा सगळे सिनेमे एकाच कथेवरचे होते. कथा होती मिस लॅव्हिनिया थर्स्कची 'ओली पायरी'. मिस थर्स्क याच गावच्या पाद्र्याची मुलगी. तिची कथा गावातल्या पोरासोरांनाही पाठ. मासेमाराची बायको हॅना. नवऱ्याची होडी परत येत नाही. मग रोज रात्री दारावर थाप पडते आणि सकाळी पायरी ओली सापडते. शेजारणी सांगतात, उघड तरी, नाहीतर जा म्हणून सांग. हॅना दोन्हीतलं काही करत नाही. ती शेगडीपाशी विणत बसते आणि ऐकते. शेवटच्या रात्री थाप दमल्यासारखी पडते, थांबते. हॅना विस्तवावर एक लाकूड टाकते आणि टाके मोजायला लागते. संपली कथा.

गावच्या शाळेत हेस्टरनं ती कथा वर्षानुवर्षं शिकवली. दर वर्षी कोणी ना कोणी पोर हात वर करायचं, "मिस, पण बाहेर कोण होतं?" हेस्टर विचारायची, "तुला कोण हवं होतं?" वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्यासाठीच ती ही कथा शिकवायची.

म्हणून तर जूननं तिला परीक्षक केलं. जून स्वतः दुसरी परीक्षक, शिवाय महोत्सवाची अध्यक्ष, समुद्रासमोरच्या हॉटेलची मालकीण, आणि हेस्टरची शाळेपासूनची मैत्रीण. तिसरा परीक्षक लंडनचा समीक्षक, जाइल्स फेनविक. पिवळा मफलर, आणि बोलताना डोळे मिटायची सवय.

नुकताच संपलेला चौथा सिनेमा सगळ्यांत भारी होता. बंदरावरच्या खऱ्या घरांत घेतलेला, नावाजलेली नटी, लोकरीच्या शाली, तेलाचे दिवे, सगळं बिनचूक. संवाद तर कथेतलेच, शब्दाला शब्द. पहिला अर्धा तास हेस्टर खूश होती. मग हॅनानं दार उघडलं आणि कळलं की नवऱ्याला तिनंच मासे कापायच्या सुरीनं मारलं होतं. तो सूड घ्यायला आला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिघं जूनच्या हॉटेलात बसली. तळलेला मासा आणि बटाटे समोर निवत होते.

"अप्रतिम," जाइल्स डोळे मिटून म्हणाला. "मूळ कथेत एक भोक आहे. तेवढं त्यांनी बुजवलं."

"भोक?" हेस्टरनं काटा खाली ठेवला. "अहो, ते भोक नाही. ते दार आहे."

"पण हेस्टरबाई, आजच्या प्रेक्षकाला उत्तर लागतं."

"आजच्या प्रेक्षकाला? मग हॅना जगली तेव्हाच्या लोकांना उत्तर मिळत होतं का? शब्द न् शब्द घेतला, शाली घेतल्या, आणि बाईला खुनी केली! घर जसंच्या तसं ठेवायचं आणि आतलं माणूस बदलायचं, आणि वर म्हणायचं, बघा, किती प्रामाणिक!"

"अगं, जेव ना," जून म्हणाली. "गार होतंय."

हेस्टर जेवली नाही. जेवणानंतरच्या सिनेमाची माहिती वाचून तर तिचा पारा आणखी चढला. ब्रॅडफर्डच्या कुणा ट्रिश हॉलरॉइडनं केलेला. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. बेपत्ता झालेला मुलगा. खालच्या दारावरची घंटा. समुद्र नाही, होडी नाही, हॅनाही नाही.

"नाव तेवढं घेतलंय," ती जूनला म्हणाली. "नावाला कुणी मालक नाही म्हणून काय कुणीही उचलायचं? बघतेच आता हिला."

मनातल्या सुरीला धार लावूनच ती अंधारात बसली.

पडद्यावर एक जाडजूड बाई बटाटे सोलत होती. खालची घंटा वाजली. बाईचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. दुसऱ्या दिवशी दारासमोरचं पायपुसणं भिजलेलं होतं. शेजारीण म्हणाली, "अगं, घंटेचा फोन उचलून विचार तरी, खाली कोण आहे म्हणून." बाई म्हणाली, "हो, विचारते." पण विचारलं नाही. मग एका संध्याकाळी घंटा वाजायला लागली, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून बाईनं रेडिओ मोठा केला. क्षणभरच. लगेच धावत जाऊन तिनं तो पुन्हा बारीक केला. घंटा ऐकू आली नाही तर?

हेस्टरला आई आठवली.

तिचा भाऊ अ‍ॅलेक मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता. आइसलंडच्या वरच्या अंगाला बोट गेली आणि आलीच नाही. फळी नाही, टोपी नाही, काही नाही. हेस्टर तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. कंपनीचा माणूस बातमी घेऊन आला तेव्हा आईनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पुढे किती तरी वर्षं फाटकाची कडी वाजली की आई हातातलं काम थांबवायची, पण उठायची नाही. खिडकीतून बघायचीसुद्धा नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, बाई दगड झाली. हेस्टरला ठाऊक होतं की दगड नव्हे. बघितलं नाही तोवर कडी अ‍ॅलेकनं वाजवलेली असू शकत होती. बघितलं की तो दूधवाला होणार.

हे तिनं वर्गात कधी सांगितलं नव्हतं. कुठेच सांगितलं नव्हतं.

सिनेमा संपला. शेवटच्या दृश्यावर पियानो वाजत होता. दिवे लागले तेव्हा जाइल्स घड्याळ बघत होता.

निकालासाठी तिघं हॉटेलच्या मागच्या खोलीत बसली. चहा आला, आल्याचा केक आला. जाइल्सनं सुरुवातीलाच हात झटकले. "पहिलं बक्षीस उघड आहे. तो भारी सिनेमा. दुसऱ्याचं बघू."

"माझं मत ब्रॅडफर्डच्या बाईला," हेस्टर म्हणाली.

जूननं कप बशीत आपटला. "जेवताना तर तू तिला फाडून खायला निघाली होतीस!"

"निघाले होते. चुकले. गाव बदललं, मुलगा घातला, घंटा घातली, सगळं उलटंपालटं केलं, पण कथा तिच्याकडे आहे. त्या दुसऱ्याकडे नुसते कपडे आहेत."

"त्यात भूतच नाही," जाइल्स म्हणाला. "भयपटाच्या स्पर्धेत भीती तर हवी?"

"तुम्हाला नाही वाटली? ती रेडिओकडे धावली तेव्हा?"

"मला वाटलं, तिला गाणं आवडलं नाही."

हेस्टरनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं डोळे मिटले. ती जूनकडे वळली. जून केकचा तुकडा बोटांनी कुस्करत होती.

"हेस्टर, त्या भारी सिनेमाची मंडळी पुढच्या वर्षी मालिकेच्या चित्रीकरणाला इथेच येणार आहेत. गावाला काम मिळेल. आणि खरं सांगू? मला तो आवडला. मी घाबरले. मला घाबरायला आवडतं."

"ते मत झालं. आधीचं ते मत नव्हतं."

"दोन्ही माझंच आहे," जून म्हणाली. "तू नेहमी असं करतेस. आपल्याला जे कळलं ते सगळ्यांनी कळून घ्यायलाच हवं."

दोन विरुद्ध एक. निकाल लागला.

बक्षीस समारंभ चर्चच्या सभागृहात, दिवेलागणीला. गावची शिक्षिका म्हणून निकाल वाचायचं काम हेस्टरकडे होतं. ती व्यासपीठावर गेली. समोर तिचेच विद्यार्थी बसलेले, कुणी टक्कल पडलेले, कुणी नातवंडं घेऊन आलेले. तिनं विजेत्याचं नाव स्पष्ट वाचलं. टाळ्या ओसरल्यावर ती म्हणाली, "परीक्षक तीन होते. मत दोन विरुद्ध एक पडलं. ती एक मी. हॅनानं नवऱ्याला मारलं नव्हतं, आणि हे या गावानं तरी ओळखायला हवं होतं." मग ध्वनिक्षेपक जूनच्या हातात देऊन ती खाली उतरली.

सभागृहात कुजबुज उसळली. जूनचा चेहरा लालबुंद झाला.

बाहेरच्या ओवरीत विजेता दिग्दर्शक तिला आडवा आला. नाव ज्युलियन मार्श, चाळिशीचा, हातात बक्षिसाची पितळी ढाल. रागापेक्षा गोंधळच जास्त होता त्याच्या चेहऱ्यावर.

"बाई, तुम्ही मला सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलंत. निदान कारण तरी सांगा."

"तुम्ही सांगा. तिला खुनी का केलंत?"

"अहो, तिनं दार न उघडायला काहीतरी कारण तर हवं ना! नवरा बाहेर उभा आहे आणि प्रेम करणारी बाई बसून राहते, हे कुणाला पटेल?"

हेस्टरच्या अंगाचा नुसता भडका उडाला. शाळेत आवाज चढवायची तिला कधी गरज पडली नव्हती. तो आता चढला.

"कारण? प्रेम हे कारण पुरत नाही तुम्हाला? माझा भाऊ समुद्रात गेला. माझी आई फाटक वाजलं की उठायची नाही. मरेपर्यंत उठली नाही. तिनं कुणाचा खून केला होता? सांगा ना! कुठली सुरी होती तिच्या हातात?"

ओवरीतली माणसं जागच्या जागी थांबली. सभागृहाच्या दारात जून उभी होती. हेस्टरला भावाबद्दल बोलताना तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," मार्श हळूच म्हणाला.

"माहीत असायची गरजच नव्हती. कथेत लिहिलंय. वाचायचं होतं."

त्यानं ढाल या हातातून त्या हातात घेतली. "मी ती बारा-तेरा वर्षांचा असताना वाचली," तो म्हणाला. "रात्रभर झोपलो नव्हतो. वाटायचं, कुणीतरी ते दार उघडून एकदाचं संपवावं. म्हणून मी उघडलं."

हे खरं उत्तर होतं, आणि हेस्टरला ते कळलं. पण राग तेवढ्यानं निवला नाही. "तुमची झोप तुम्ही तिच्या जिवावर घेतलीत," ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावत घरी निघाली.

आठवडा उलटला तरी जूनचा फोन आला नाही. आला तो एवढंच सांगायला की पुढच्या वर्षी परीक्षक दुसरे असतील. "समितीचा निर्णय," जून म्हणाली. हेस्टर म्हणाली, "समिती म्हणजे तूच की." फोन ठेवला गेला. मासळीच्या दुकानात लोक विचारायचे, बाई, जरा जास्तच झालं नाही का? हेस्टर म्हणायची, कमीच झालं.

नुसतं फुरंगटून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. नोव्हेंबरात तिनं मेथडिस्ट पंथाच्या मंडळींचा छोटा हॉल मागून घेतला, दुकानांच्या काचांवर स्वतः जाहिराती चिकटवल्या आणि ट्रिश हॉलरॉइडला सिनेमा घेऊन बोलावलं. पन्नाशीची ट्रिश आगगाडीनं आली. तिचा आवाज तिच्या सिनेमातल्या बाईहून मोठा होता. हॉल अर्धा भरला. सिनेमा संपल्यावर पहिल्याच रांगेतली एक म्हातारी उठली. "पण भूत कुठाय? मी गुडघे दुखत असताना आले!" दोघंतिघं हसले, काही जण तसेच निघून गेले. कोपऱ्यातला एक म्हातारा खलाशी मात्र टोपी मुठीत धरून बसून राहिला. दिवे लागले तरी तो उठला नाही.

जून शेवटच्या रांगेत होती. खुर्च्या आवरताना ती हेस्टरजवळ आली.

"मत मी आजही तसंच देईन," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"पण तुझ्या आईचं खरं काय होतं ते मला आधी सांगायला हवं होतंस. मी तुझी मैत्रीण आहे. मला ते ओवरीत, परक्या माणसाबरोबर भांडताना कळावं?"

हेस्टरनं खुर्चीचं एक टोक धरलं, जूननं दुसरं, आणि दोघींनी ती भिंतीशी नेऊन लावली.

जून गेल्यावर ट्रिशनं किटली तापत ठेवली. ती खुशीत होती. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"आधी सांग, शेवटी तो पियानो कशाला घातलास?"

ट्रिशचा कप हवेतच राहिला. "काय?"

"पियानो. ती बटाट्याची सालं गोळा करतेय, माणसानं गप्प बसून तिच्याकडे बघायचं, तर तुझा पियानो येऊन सांगतो, रडा आता. प्रेक्षकावर विश्वास नाही तुझा?"

"अहो, माझ्या भाच्यानं वाजवलाय तो!"

"असेल. छान वाजवतो. दुसरीकडे वाजवू दे."

"तुम्ही मला इथे बोलावलंत ते कौतुकाला की कान उपटायला?"

"कौतुकाला. म्हणून तर सांगतेय," हेस्टर म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "आता बोल. तो पियानो का हवा, मला पटवून दे."

ट्रिशनं कप आदळला आणि बोलायला लागली.