सातवं बंदर ताईचं

"मोठ्यानं वाच गं, ओठातल्या ओठात नको. मला ऐकू येऊ दे."

आईचा हा आवाज पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. दुपारची वेळ. आई खाटेवर उशीला टेकून बसलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. छातीचं दुखणं असं की डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून बजावलं होतं, "धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका." माझ्या हातात जहाजाच्या कंपनीचा लिफाफा होता. आत टाइप केलेल्या पाच ओळी. तुमचा मुलगा तापानं गेला. जहाज किनाऱ्यापासून फार दूर होतं. देह समुद्राला दिला. सामानात पाठवण्याजोगं काही नव्हतं. कंपनीला खेद आहे. मी एकोणीस वर्षांची होते. त्या पाच ओळींवर बोट ठेवून मी मोठ्यानं वाचलं, "आई, मी खुशाल आहे. इथलं पाणी निळंशार आहे. जेवणखाण बरं आहे. काळजी करू नकोस."

"एवढंच?"

"दमलाय गं. पुढच्या वेळी मोठं लिहीन म्हणतोय."

तिथं माझी जीभ घसरली, आणि पुढं पाच वर्षं हात घसरत राहिला.

आम्ही तीन भावंडं. ताई थोरली, परगावी शाळेत शिकवायची. मधला दादा, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात सगळे त्याला भोवरा म्हणत. आणि मी धाकटी, आईच्या उशाशी. आई अंथरुणातच बोटांनी ताल धरून ओव्या जोडायची. एक अजून माझ्या कानातून जात नाही:

थोरली लेक माझी, परगावी राही
धाकटी उशाशी, दिवा होऊन पाही
मधल्या राजसाचा, ठावठिकाणा नाही

ती ओवी ऐकली की मी पेन उचलायची.

ताई सुट्टीत आली की म्हणे, "भोवऱ्याचं पत्र दाखव." आईला वाचून दाखवणं निराळं, ताईला अक्षर दिसायला हवं. दादाच्या जुन्या वह्या समोर ठेवून मी त्याचं अक्षर गिरवलं. त्याचा लांब शेपटीचा 'र', त्याच्या खोडलेल्या ओळी. पाकिटावर तिकीट नसे. जहाजावरचा एक सोबती हातोहात देऊन जातो, असं मी सांगितलं होतं.

"मला कधीच कसा भेटत नाही गं हा सोबती?" ताई विचारायची.

"तू सुट्टीत येतेस, तेव्हा तो कामावर असतो."

"म्हणजे तोही भोवराच!" ताई हसायची, आणि दादाला लिहिलेलं उत्तर माझ्या हाती द्यायची. "सोबत्याला नीट दे हो, पावसात भिजवेल." ती उत्तरं मी कुणाला देणार होते?

मी तेव्हा वाचनालयात काम करायची. तळाच्या कपाटात बंदरांविषयीचं एक पुठ्ठा सुटलेलं पुस्तक होतं. कधीचं छापलेलं, कोण बघतो! त्यातून मी धक्के उचलले, दीपगृहं उचलली, मासळीबाजारातला गलका उचलला. दादा माझ्या शाईतून बंदरामागून बंदर हिंडत राहिला. दहा पत्रं झाली. मग आई गेली. ताई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आता आपल्याला एक भोवराच उरला गं." ओठांवर आलेलं सगळं मी परत गिळलं. वाटलं, एकदाच लिहू, म्हणजे हिची वाट पाहणं संपेल. अकरावं पत्र लिहिलं: मला अमुक शहरात गोदीवर काम मिळालंय, इथंच घर करतो, पत्ता पक्का झाला की कळवीन, माझी वाट पाहू नका.

वाट पाहणं संपलं नाहीच. उलट त्याला एक गाव मिळालं.

ताई आईच्या घरी येऊन राहिली. तिनं लग्न केलं नाही. मुख्याध्यापिकेची जागा चालून आली ती नाकारली, कारण बदली झाली असती. "तो या पत्त्यावर येईल. दाराला कुलूप दिसलं तर?" कंपनीत चौकशीला गेली, तर कंपनीच बंद पडलेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, यजमान गेले. त्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं. आणि यंदा ताई एक छापील पत्रक घेऊन आली. जुन्या बंदरांची बोटीनं अभ्याससहल. बारा दिवस, आठ बंदरं. सातव्या नावाखाली, अकराव्या पत्रातल्या त्या शहराखाली, तिनं लाल पेनानं रेघ मारली होती.

"धाकटे, मी बहात्तर वर्षांची. गुडघे आज आहेत, उद्या नाहीत. चल."

मी निघाले. वाटलं, जमिनीवर जे सांगणं जमलं नाही ते पाण्यावर जमेल.

आम्ही एकवीसजण होतो, निम्मे केस काळे केलेले, निम्मे प्रामाणिक. इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आम्हाला घेऊन निघाले होते. त्यांना सगळे सर म्हणत. सहलीची रीत अशी की प्रत्येक बंदर कुणीतरी एकानं घ्यायचं आणि तिथं पोचल्यावर धक्क्यावर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं. सातवं ताईनं मागून घेतलं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "कुठून कळलं ते सांगा. आणि ज्यानं लिहिलं तो स्वतः तिथं होता का, हे विचारा. एवढं केलंत की झाला अभ्यास." बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या बातम्या बाद!" त्यांच्या सौभाग्यवतींनी पुढची दोन बंदरं अबोला धरला.

सहा बंदरं झाली. मिठाची कोठारं पाहिली, दोरखंड घासून खाचा पडलेले दगडी खुंट पाहिले. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई साथीच्या काळात जहाजं अडवून ठेवायच्या बेटावर इतकं छान बोलल्या, की मॅनेजरांनीही विनोद केला नाही. रोज संध्याकाळी ताई आमच्या खोलीतल्या अरुंद टेबलावर वही उघडायची. तीन वेळा मी "ताई, ऐक ना" म्हटलं. एकदा जेवणाची घंटा झाली, एकदा तिचा गुडघा धरला, आणि तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बोल", तर मीच म्हणाले, "खिडकी लावू का? गार येतंय."

सातव्या बंदराच्या सकाळी ताईनं इस्त्रीचे कपडे घातले, आरशासमोर दोनदा केस सारखे केले.

"मी ओळखेन का गं त्याला? टक्कल पडलं असेल. आपल्या बाबांना पडलं होतं."

"ताई, इतकं मोठं शहर..."

"मोठं असू दे. जकातघरावरून तो रोज कामाला जायचा. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला तरी ठाऊक असेल."

जकातघराच्या पायऱ्यांवर सगळे बसले. समोर क्रेन उभ्या होत्या, माल उतरत होता, समुद्रपक्षी आपसात भांडत होते. ताई वर्गात उभी राहायची तशीच ताठ उभी राहिली. आवाज अजून खणखणीत. धक्का कधी बांधला, गलबतांची जागा वाफेच्या जहाजांनी कधी घेतली, सगळं सांगून झालं. मग तिनं वहीतून एक जुना कागद काढला. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"आता जे सांगते ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही," ती अभिमानानं म्हणाली. "सर, तुम्ही विचारता ना, लिहिणारा तिथं होता का? होता. हा माझा सख्खा भाऊ. तो लिहितो, 'जकातघराच्या मनोऱ्यावर निळ्या तबकडीचं घड्याळ आहे. ते मुद्दाम सात मिनिटं पुढं ठेवतात, म्हणजे खलाशाचं जहाज चुकत नाही. मी रोज त्या घड्याळाखालून कामाला जातो.'"

सगळ्यांनी माना वर केल्या. जकातघराचं छप्पर सपाट होतं.

"मनोरा कुठाय?" कुणीतरी विचारलं.

सरांनी घसा साफ केला. ते भले गृहस्थ. "बाई, पत्र कोणत्या सालचं?" ताईनं साल सांगितलं. सर छपराकडं पाहत म्हणाले, "मनोरा होता. घड्याळही होतं. पण मोठ्या आगीत तो पडला. या पत्राच्या आधी तीसेक वर्षं."

"भाऊसाहेबांनी स्वप्नात पाहिला असेल!" मॅनेजर म्हणाले. दोघंतिघं हसले. औषधांच्या बाईंनी मॅनेजरांकडे असं पाहिलं की हसू तिथंच विरलं.

"माझा भाऊ खोटं लिहिणार नाही," ताई म्हणाली. तिनं कागदाची घडी करून वहीत ठेवली. "साल मांडण्यात कुणाची तरी चूक असेल."

सर म्हणाले, "आत संग्रहालय आहे. पाहून घ्या, वाटल्यास." 

बाकीचे बाजारात गेले. मी आणि ताई आत शिरलो. तळमजल्यावर काचेच्या पेट्या, वजनं, मापं, जुने शिक्के. मागच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता: जळका मनोरा, अर्धा कोसळलेला, खाली बादल्या घेतलेली माणसं. फोटोखाली तारीख. ताईनं चष्मा पुसून ती वाचली. पुन्हा पुसून पुन्हा वाचली. मग तिथल्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, "माझ्या बापानंही तो मनोरा पाहिला नाही, बाई."

बाहेर येऊन ती पाण्याकडे तोंड करून एका बाकावर बसली. मी शेजारी. ताईचं गप्प बसणं मी लहानपणापासून ओळखते. ती मनात गणित सोडवत असते. या गणिताचं उत्तर काय येणार, या भीतीनं मी कधी पाण्याकडं पाहत होते, कधी तिच्याकडं.

"तो इथं कधी आलाच नाही," ती म्हणाली.

"ताई..."

"थांब. इथं आला नाही, म्हणजे पत्ता कळवीन म्हणाला तेही खोटं. एखाद्या जुन्या पुस्तकातून उतरवून दिलं त्यानं. कशाला? तर आपण त्याला शोधू नये म्हणून." तिचा आवाज कोरडा पडला होता. "आई गेली तेव्हासुद्धा आला नाही. मी म्हणायचे, जहाजावर असेल, सुट्टी मिळाली नसेल. माझ्या एवढ्या पत्रांना त्यानं कधी धड उत्तर दिलं का गं? मी विचारायची एक, तो लिहायचा निळं पाणी! तेव्हाच कळायला हवं होतं. नकोशा झालो होतो त्याला आपण. मी आणि तू. आईसुद्धा."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग ना! मी जन्मभर दार उघडं ठेवून बसले, आणि हा कुठंतरी बायकामुलांत बसून हसत असेल मला. असू दे. सुखात असू दे. पण आजपासून माझ्यापुढं त्याचं नाव काढायचं नाही. मला भाऊ नव्हता."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला बघवेना. तेवीस वर्षांचं पोर, घर सोडताना आईच्या पायावर डोकं ठेवून उठायलाच तयार नव्हतं. ज्याला पत्र लिहायला तीनच महिने मिळाले आणि त्यातही ज्यानं लिहिलं नाही, कारण पगार झाला की तिघींना एकेक वस्तू घेऊन मगच लिहीन, असं सांगून गेला होता. त्या पोराला आज त्याची बहीण टाकत होती, आणि टाकायचं कारण माझ्या अक्षरात होतं. माझ्यावर चिडली असती तर मी सोसलं असतं. पण मेलेल्याला स्वतःची बाजू कशी मांडता येणार?

तिनं ते पत्र वहीतून काढलं. फाडायला दोन्ही हातांत धरलं. मी तिचं मनगट धरलं.

"सोड."

"ताई, त्याला बोल लावू नकोस. त्यानं तुला फसवलं नाही."

"तुला काय माहीत?"

बोटांखाली तिची नाडी उडत होती. आता घंटा वाजली असती तरी मी थांबले नसते.

"मला माहीत आहे. कारण तो मनोरा मी लिहिला. वाचनालयातलं पुस्तक जुनं होतं, ताई, मी कधी साल पाहिलं नाही." ती माझ्याकडं नुसती पाहत राहिली, कुणा अनोळखी बाईकडं पाहावं तशी. मी मनगट सोडलं नाही. "अकराही पत्रं माझी आहेत. तुझी उत्तरं माझ्यापाशीच राहिली, एकही पुढं गेलं नाही. आपला भोवरा तिसऱ्या महिन्यातच गेला गं. तापानं, भर समुद्रात. कंपनीचं पत्र आलं, ते माझ्या हातात पडलं, आणि मी आईला दुसरंच वाचून दाखवलं. तो कुठं पळाला नाही. कुणाला विसरला नाही. तो मेला, ताई. पंचेचाळीस वर्षं झाली."