वकिलाची गाडी

नवशाची गाडी पहिल्यांदा चिंचणीच्या मांगेलआळीत, मासेमारांच्या वस्तीत शिरली, तेव्हा लोकांना वाटलं, कुणी बडे पाहुणे वाट चुकले. गाडी होतीच तशी. लांबलचक, फिकट निळी, पुढे चकचकीत पट्ट्या आणि मागे दोन्ही अंगांना माशासारखे पत्र्याचे पर वर उचललेले. आळीच्या वळणावर ती अडकली. नवशाच्या धाकट्या भावाच्या, देवूच्या कुडाची माती खरवडून ती एकदाची दारात येऊन उभी राहिली.

"कोनाची ही?" नवशाच्या बायकोने, जमनाने विचारलं.

"आपली. मुंबईला वकिलातीत होती, परदेशी सायबाकडं. पेट्रोल लय पिते म्हनून कोनी घेत नव्हता."

ऐकणाऱ्यांनी वकिलात म्हणजे कुणी वकील असं धरलं, आणि त्या दिवसापासून ती वकिलाची गाडी झाली.

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची ही गोष्ट. होडीवर दोरात सापडून नवशाच्या डाव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून त्याने समुद्र सोडला होता. मुंबईला एका गॅरेजात राहून तो गाडी शिकला होता. आता त्याला चिंचणीची मासळी बोईसरच्या बाजारात न्यायची होती, आणि त्यासाठी ही गाडी मागून कापायची होती.

कापायला आला खंडेराव. तो घाटावरचा, आटपाडीकडचा, बोईसरला टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. बायको रखमाबाई गावी, हा इथे एकटा. रंभाबाईच्या खाणावळीत जेवायचा, तिथे मासळी टाकायला नवशा जायचा, तिथली ही दोस्ती. खंडेराव गाडीभोवती हात मागे बांधून हिंडला.

"नवशा, अजून इचार कर. कापली की कापली बघ."

"काप."

सुट्टी असेल तेव्हा खंडेराव यायचा आणि थोडं थोडं काम करून जायचा. पुढची सीट ठेवून मागचं छप्पर गेलं. तिथे पत्रा मारलेला लाकडी हौदा बसला. डिकीचं झाकण हौद्याला मागची फळी म्हणून लागलं. ते पर मात्र खंडेरावाला टाकवेनात. त्याने ते नीट कापून काढले आणि हौद्याच्या दोन्ही बाजूंना परत जोडले. इंजिनही बदललं, एका जुन्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. गाडी सुरू झाली की होडी बंदराला लागल्यासारखा आवाज यायचा. पुढून बघावं तर शेठ, मागून बघावं तर मासळीची हातगाडी. बोईसरच्या बाजारात पोरं मागे धावायची. मागची गुबगुबीत सीट जमनाच्या ओसरीवर आली, आणि आळीतल्या म्हाताऱ्या तिच्यावर बसून जाळी विणायला लागल्या.

रोज सकाळी बंदरावरचा लिलाव आटोपला की आळीतल्या बायका पाट्या घेऊन हौद्यात चढायच्या. जमना पुढे बसायची. त्याला कारण होतं. गाडी परदेशी, स्टेअरिंग डाव्या हाताला. पुढे ट्रक आला की डावीकडे बसलेल्या नवशाला पलीकडचं काही दिसायचं नाही. उजवीकडे बसलेल्या जमनाने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं.

"थांब. एस.टी. येते."

"आता?"

"थांब जरा. हां, जा आता. मोकला हाय."

ती म्हणाली जा की तो जायचा. कधी वळून विचारलं नाही की नक्की का. घरात दोघं फारशी बोलत नसत. मूलबाळ नव्हतं, बोलण्यासारखं रोज काय निघणार. पण चिंचणी ते बोईसर रस्त्यावर थांब आणि जा एवढं बोलणं व्हायचं, आणि जमनाला ते पुरायचं.

नवशाला कावीळ झाली ती पावसाळ्याच्या तोंडाला. झाडपाला झाला, दवाखाना झाला. डोळे हळदीसारखे झाले, आणि होड्या पुन्हा समुद्रात जायच्या आधी तो गेला.

गाडी भिंतीला लागून उभी राहिली. हौद्यात पानं साचली, खाली कोंबड्या बसायला लागल्या. देवू म्हणाला, "वयनी, भंगारवाला इचारत होता. खाऱ्या हवेत सडून जाईल ती."

"नाय इकायची."

"मग काय करशील तिचं?"

जमना हौद्यातली पानं काढायला लागली. दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या तरी टेम्पोत बसून बोईसरला गेली आणि खंडेरावाच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. तो बाहेर आला, चष्मा कपाळावर सरकवलेला, तोंड काजळलेलं.

"मला गाडी शिकवा," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढून खिशात घातला. मग म्हणाला, "शिकवतो की. न शिकायला काय झालं."

ओहोटीला चिंचणीची वाळू घट्ट होते, बैलगाडीसुद्धा रुतत नाही. तिथे शिकवणी सुरू झाली. जमना डावीकडे, खंडेराव उजवीकडे, तिच्या जुन्या जागी. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. मग अशी सुटली की पाण्यात चाकं गेली. खंडेराव ओरडला नाही. नुसता म्हणाला, "वहिनी, ब्रेक म्हंजी मधला. मधला दाबा."

"मला वाटलं बाजूचा."

"बाजूच्यानं आपण अरबस्तानात जाऊ."

ती हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की नवशा गेल्यापासून आपण हसलोच नव्हतो. खंडेरावही हसला आणि मग उगाच काच पुसायला लागला.

तिचा हात बसला, तिने ठाण्याला जाऊन लायसन काढलं. लिलावातली मासळी घेऊन ती पहिल्यांदा बोईसरला निघाली, तेव्हा खंडेराव रजा टाकून शेजारी बसला होता. हौदा मात्र रिकामा होता. बायका टेम्पोने गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. खंडेराव कामावर जायच्या आधी सायकलने पार चिंचणीपर्यंत यायचा, सायकल हौद्यात टाकायचा आणि शेजारी बसून बोईसरपर्यंत जायचा. त्यांच्यात तेच बोलणं, थांब आणि जा. जमनाला पुन्हा सकाळ होण्याची वाट बघावीशी वाटायला लागली.

मग एकदा देवूची बायको ठमी पाणी भरताना तिच्याजवळ उभी राहिली. ठमी मनाने वाईट नव्हती.

"जाऊबाय, तू मानूस घाटावरचा बसवतेस शेजारी. आळी बोलते. तो नसंल तर बाया बसतील तुझ्या गाडीत. मी सांगते त्यांना."

जमनाने दोन दिवस विचार केला. आळीत जन्म काढायचा होता. ज्या बायकांबरोबर लहानपणी ओहोटीला खुबड्या, शिंपल्या वेचल्या त्याच तोंड फिरवत होत्या. तिसऱ्या सकाळी बोईसरच्या नाक्यावर गाडी थांबवून ती समोर बघत म्हणाली, "खंडेराव, उद्यापासून तुमी येऊ नका."

"माझं काय चुकलं का?"

"नाय. तुमचं कायच नाय."

त्याने मान हलवली, सायकल उतरवली. "गाडी जपून चालवा, वहिनी. दिसत नसलं तर मागंच ऱ्हावा. घाई करू नका." आणि तो गेला.

बायका तरीही आल्या नाहीत. ठमीने खरंच सांगून पाहिलं, पण त्यांना टेम्पोची सवय झाली होती, आणि एकदा तोंड फिरवलं की परत वळवायला कोण आधी जाणार. कमळी नावाची एक म्हातारी तेवढी दोनदा बसली, पुढे तिचाच धंदा सुटला.

त्यानंतरची वर्षं जमनाने एकटीने गाडी चालवली. शेजारी कुणी नाही, त्यामुळे पुढे ट्रक असला की ती त्याच्या मागेच राहायची. तारापूरच्या कारखान्यांचं काम वाढत होतं, सिमेंटचे, सळयांचे ट्रक रांगेने चाललेले. त्यांचा धूर खात ती जायची. शेजारची सीट रिकामी दिसू नये म्हणून तिथे एक पाटी ठेवायची. बाजारात तिला सगळे ओळखत. कारखान्यांच्या वसाहतीतल्या बायका तिच्याकडूनच पापलेट घ्यायच्या, तिच्या गाडीचं कौतुक करायच्या आणि मासळी घेऊन घरी जायच्या. रंभाबाईच्या खाणावळीत ती मागच्या दाराने बोंबील टाकायची. आत कामगार जेवत असायचे. त्यांत खंडेराव असेलही, ती बघायची नाही. घरी येऊन ओसरीवरच्या सीटवर बसायची. म्हाताऱ्या एकेक करून गेल्या होत्या, सीटचं कापड फाटून काथ्या बाहेर आला होता.

एकदा रंभाबाई बोंबील पाटीतून उतरवून घेताना म्हणाली, "आटपाडीचा खंडेराव निघाला गं गावाकडं. डोळं गेलं त्याचं वेल्डिंगच्या जाळापायी. कारखान्यानं घरी बसवलाय. उद्याच्या गाडीनं जातोय पालघरहून."

जमनाने रिकामी पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी तिने बंदरावर मासळी उचलली, पण बाजारात गेली नाही. खंडेरावाच्या खोलीसमोर गाडी उभी केली. तो उंबऱ्यावर बसला होता, शेजारी पत्र्याची ट्रंक. आवाज ऐकूनच उठला.

"वकिलाची गाडी व्हय?"

"चला. पालघरला सोडते."

त्याने ट्रंक हौद्यात ठेवली. ठेवताना हौद्याच्या कडेवरून हात फिरवला, परांना चाचपून पाहिलं. जोड कुठेकुठे गंजला होता. मग तो चाचपडत पुढे आला. जमनाने सीटवरची पाटी उचलून मागे टाकली.

उमरोळीच्या अलीकडे एक ट्रक पुढे लागला. गवताने भरलेला, दोन्ही बाजूंना फुगलेला, बैलगाडीच्या चालीने चाललेला. जमना सवयीने मागे राहिली. खंडेरावाने मान बाहेर काढली, डोळे बारीक केले, बराच वेळ बघितलं.

"मला न्हाई दिसत, वहिनी," तो म्हणाला. "नुसतं पांढरं दिसतंय."

"ऱ्हाऊ दे. मागंच ऱ्हाऊ."

गवताची काडी काडी काचेवर येऊन पडत होती. जमना समोर बघतच म्हणाली, "तुमी परत कधी आला नाय."

"तुमीच नगं म्हणला हुता."

"एकदा म्हटलं. बाया येतील असं वाटलं होतं. नाय आल्या."

"ठाव हाय मला. बाजारात बघायचो की. हौदा रिकामाच असायचा."

"मग यायचं होतं."

त्याने मान आत घेतली. मग गुडघ्यावर हात चोळत म्हणाला, "रोज सायकल काढायचो. नाक्यापतुर यायचो. तुमी फुडं बघत निघून जायचा. म्हटलं, बाईचा जीव कशाला परत अडचणीत घाला."

 जमनाला नाका आठवला, तिथली गर्दी आठवली. तिने तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. ट्रक उमरोळीला वळला, पुढचा रस्ता मोकळा झाला, तरी तिने गाडीचा वेग वाढवला नाही.

पालघरच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागलेली होती. तिने कंडक्टरला सांगून त्याला खिडकीची जागा धरून दिली, ट्रंक पायाशी सरकवली.

"रखमाबाईला माजं सांगा," ती म्हणाली.

"सांगतो. तिला ठाव हाय तुमचं. गाडीचं समदं सांगितलंय मी."

"काय सांगितलंत?"

"हेच. वाळूतलं. मधला ब्रेक." तो हसला, तिच्या दिशेने, पण नजर जराशी बाजूला पडली. तिथे कुणी नव्हतं. जमना सरकून त्या नजरेसमोर उभी राहिली.

एस.टी. गेल्यावर ती गाडीत येऊन बसली. मासळीवरचा बर्फ वितळून हौद्यातून पाणी ठिबकत होतं. ती बोईसरला परतली तेव्हा बाजार उठला होता. तिने गाडी रंभाबाईच्या दारात आणली आणि सगळीच मासळी उतरवली.

"एवढं काय करू मी?" रंभाबाई म्हणाली.

"मीठ लावा. कालवण करा. काय पण करा."

रंभाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. "जेवलीस?"

"नाय."

कामगारांची पंगत कधीच उठली होती. रंभाबाईने फळी पुसली, ताट मांडलं, भाकरीवर कालवण वाढलं. इतकी वर्षं मासळी टाकली, पण जमना या खाणावळीत कधी बसून जेवली नव्हती. कालवणाला घाटावरचा मसाला होता, तिखट. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. रंभाबाईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि काही न विचारता समोर बसून राहिली.