एतेरीचा स्वतःचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणालो, भंगार नाही म्हणालो. तेवढा फरक ध्यानात ठेवा आणि मग पुढचं ऐका. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, चार्जरची वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि थंडी पडली की माझी बॅटरी रुसून बसते. पण माझा कॅमेरा अजून ठणठणीत आहे. कुणी मला कचऱ्यात टाकायची भाषा केली की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. भावंडांच्या रांगेतून सरकत आलो, खोक्यात बसलो आणि डोळे उघडले ते थेट इटलीत, समुद्राकाठच्या बारी शहरात. मला विकत घेतलं मिकेले नावाच्या गृहस्थाने. त्याचं फरशा आणि नळांचं दुकान. पहिले दिवस काय थाटाचे होते! मिकेले मला मऊ कापडाने पुसायचा, मित्रांना कौतुकाने दाखवायचा. मी त्याच्यासाठी ढिगाने फोटो काढले. निळ्या फरशा, पांढऱ्या फरशा, चकचकीत नळ. एकाही फोटोत माणूस म्हणून नव्हता. मग दुकानात नवा फोन आला आणि माझी रवानगी खणात झाली, जुन्या किल्ल्या आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीला.

खणातून मला बाहेर काढलं ते एतेरीसाठी. मिकेलेची आई फिलोमेना जुन्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पाय थकलेले, जीभ मात्र अजिबात थकलेली नव्हती. तिला सांभाळायला जॉर्जियाहून एतेरी आली. बारीतल्या म्हाताऱ्यांना जॉर्जियाच्या बायका सांभाळतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मिकेलेने मला तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, “हा घे. सिमही घातलंय, माझ्याच नावाचं आहे. मी फोन केला की पहिल्या रिंगला उचलायचा.” ती भेट होती की गळ्यातला पट्टा, हे मला तेव्हा कळलं नाही.

एतेरीने मात्र मला जीव लावला. तिची मुलगी नातिया तिकडे जॉर्जियात, कुताइसी शहरात आजीजवळ राहत होती. रोज दुपारी फिलोमेनाचा डोळा लागला की एतेरी मला साखरेच्या डब्याला टेकवून उभं करायची आणि माझ्या तडकलेल्या काचेत मायलेकी भेटायच्या. फरशांचे फोटो काढून कंटाळलेल्या मला पहिल्यांदा वाटलं, हां, यासाठी जन्माला आलो आपण!

आता खरी गोष्ट सांगतो. त्या देशात इंटरनेटवरच्या स्वतःच्या सरकारी खात्यावाचून पान हलत नाही. दवाखाना, कर, परवाना, सगळं त्या एका खात्यातून. आणि खात्यात शिरायचं तर दर वेळी एक गुप्त अंक तुमच्या नंबरावर येतो. ज्याचा नंबर त्याच्या हातात किल्ली.

घरात राहून काम करणाऱ्या बायकांचं एक असतं. पत्ता मालकाचा, टपालपेटी मालकाची, डॉक्टर मालकाच्या ओळखीचा, उशीसुद्धा मालकाची. सगळंच त्या घराचं, मग नंबर तेवढा वेगळा कशाला? एतेरीला राहायचे कागद मिळाले, खातं उघडायची वेळ आली, तेव्हा मिकेलेने विचारलं, “नंबर कुठला टाकू?” ती म्हणाली, “घराचाच टाका की.” त्याने स्वतःचा नंबर टाकला, मेलही स्वतःची टाकली. मी शेजारीच पडलो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आमच्या तोंडून नेहमी दुसऱ्याचंच बोलणं निघतं, स्वतःचं नाही.

हिवाळा आला आणि पंचाईत झाली. नातियाला येत्या वसंतात अठरा वर्षं पूर्ण होणार होती. मुलाला आपल्याकडे आणायचा अर्ज त्याच्या आत करायचा, नंतर ते पोर सरकारच्या लेखी मूलच राहत नाही. अर्ज त्याच खात्यातून करायचा होता. एतेरीने खातं उघडायला घेतलं की अंक जायचा मिकेलेच्या खिशात. ती फोन करायची, “साहेब, अंक आला असेल, तेवढा सांगता का?”

“दुकानात गिऱ्हाईक आहे. नंतर.”

नंतर म्हणजे रविवार. रविवार म्हणजे पुढचा रविवार. शेवटी एकदा तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोकाच्चा पावाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, “हे बघ, मुलगी आली की तू वेगळी खोली घेणार. मग रात्री माझ्या आईजवळ कोण, मी? उन्हाळा सरू दे, बघू. तुझं काही वाईट करतोय का मी?”

म्हणाला तो हसत हसत. एतेरीने मला मुठीत असं काही आवळलं की माझी बटणं दाबली जाऊन मी मोठ्याने वाजलो. मला तर त्याच्या नव्या फोनची काच फोडावीशी वाटत होती.

रविवारी जॉर्जियाच्या बायका बागेजवळच्या मोकळ्या जागेत जमतात. तिथून गावाकडे जाणारी मिनीबस सुटते, तिच्यात पोराबाळांसाठी बोचकी चढवायची आणि मग बाकावर बसून घरची वाइन प्यायची. पण त्यांच्यात कुणी मुकाट्याने घोट घेत नाही. आधी एकीने प्याला उचलून हा कशासाठी ते मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी उभं राहून मान द्यायचा. आणि एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की ते करायचंच, नाहीतर पुढच्या रविवारी तोंड कुठे दाखवणार?

त्या दिवशी एतेरीने आपली अडचण लामाराला सांगितली. लामारा त्या सगळ्यांची थोरली, बारीत मुरलेली.

“नंबर कुणाचा दिलास?”

“घराचा.”

“घराचा! अगं बाई, त्या घरात तुझं आहे काय? एक दात घासायचा ब्रश!”

बायका फिदीफिदी हसल्या. लामारा त्यांच्यावर उलटली. “हसताय काय दात काढून? तुमच्यातल्या निम्म्या जणींनी हेच करून ठेवलंय. माहीत नाही का मला?” हसू बंद झालं. एकीने आपला फोन हळूच पदराआड करावा तसा शालीखाली सरकवला.

लामाराने प्लास्टिकचा प्याला उंच धरला. “हा एतेरीच्या नंबरासाठी. जो कुणाच्या बापाचा नाही!”

सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एतेरीचा चेहरा लालबुंद झाला, पण तिने प्याला तळापर्यंत रिकामा केला.

गुरुवार तिच्या अर्ध्या सुट्टीचा. लामाराने तिला स्टेशनजवळच्या दुकानात नेलं. एतेरीने स्वतःचा पासपोर्ट पुढे केला आणि स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. मिकेलेचं सिम निघालं, हिचं माझ्या पोटात बसलं. मग लामाराने मला आतून पार धुऊन काढलं. त्याची मेल गेली, त्याचे नळ गेले, त्याच्या फरशा गेल्या. आता तुम्ही विचाराल, सगळं पुसलं तर तुला हे आठवतं कसं? विचारू नका. पुसूनही न जाणाऱ्या काही गोष्टी असतात.

नवा नंबर, नवी मेल आणि जुन्याचा नाद सोडून नवं खातं; तसं उघडता येतं. एकच पायरी राहिली. सरकारी कामाचा माणूस व्हिडिओवर येणार, एतेरीचा चेहरा आणि ओळखपत्र पाहणार. नियम असा की खोलीत दुसरं कुणी नको, दुसऱ्या कुणाचा आवाजही नको. हिला कुणी जबरदस्तीने तर बसवलं नाही ना, म्हणून. नियम चांगलाच आहे, पण फिलोमेनाला कोण सांगणार?

एतेरी स्वयंपाकघरात माझ्यासमोर ताठ बसली. पडद्यावरच्या माणसाने नाव विचारलं आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, “एतेरीऽऽ! कोण गं तो मेला? जेवायला थांबणार आहे का?”

माणूस म्हणाला, “सिन्योरा, तुमच्याबरोबर कुणीतरी आहे. मला थांबावं लागेल. उद्या पुन्हा करू.” पडदा काळा झाला.

एतेरी रडली नाही. ती तडक बाहेर गेली आणि फिलोमेनासमोर बसली. म्हातारी कणकेच्या गोळ्या अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराचा पास्ता वळत होती. एतेरीने तिला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

“म्हणजे मुलगी आली की रात्री तू इथे नसणार,” फिलोमेना म्हणाली.

“नसणार, नोन्ना. दिवसा येईन.” तिथे आजीला नोन्ना म्हणतात.

म्हातारीचा अंगठा थांबला. “मला रात्री एकटीला धडकी भरते,” ती म्हणाली. “पण तू तोंडावर खरं सांगितलंस. माझा मुलगा मला काही सांगत नाही, परस्पर करून मोकळा होतो. उद्या कर तो फोन. मी गप्प बसते.”

“तुम्ही? गप्प?”

“देवाशपथ! तोंडात कणीक कोंबून बसते, मग तर झालं?”

दुसऱ्या दिवशी एतेरीने दार लावून घेतलं आणि फिलोमेना दाराबाहेर खुर्ची टाकून बसली, हातात काठी. फोन लागला आणि नेमका जिना चढून मिकेले आला; त्याने दिलेला नंबर लागत नव्हता ना! त्याच्याकडे घराची किल्ली होती.

“आई, अशी दारात काय बसलीस?”

फिलोमेनाने ओठ घट्ट मिटले.

“एतेरी कुठे आहे? आई? अगं, बोल ना!”

फिलोमेनाने नुसती काठी आडवी धरली आणि डोळे वटारले. जन्मात जिची बडबड थांबली नाही ती आई एक शब्द बोलत नाही म्हटल्यावर मिकेलेच्या पायाखालची जमीन सरकली. “अरे देवा, वाचा गेली हिची!” असं पुटपुटत तो खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना आणायला धावला. सुदैवाने पुटपुटलाच, ओरडला नाही.

आत पडद्यावरचा माणूस विचारत होता, “हा नंबर कुणाचा?”

“माझा.”

“स्वतःच्या मर्जीने खातं उघडताय?”

“माझ्याच.”

माझी बॅटरी तळाला गेली होती, पण मी दम धरला. त्या दिवशी मी मान टाकली असती तर मीच मला कचऱ्यात टाकलं असतं. थोड्याच वेळात अंक आला, माझ्याकडे आला, आणि मी असा वाजलो की लग्नातला बँड वाजावा. खातं उघडलं. अर्जाचे सगळे कागद एतेरीने आधीच माझ्यात भरून ठेवले होते.

बाहेर डॉक्टर आले. एव्हाना फोन संपला होता, म्हणून फिलोमेनाने तोंड उघडलं. “मला काय धाड भरलीय? पण आलाच आहात तर रक्तदाब बघा. गुडघाही बघा. हा नाही, दुसरा.” तिने त्या दोघांना असं काही गुंतवून ठेवलं की आत एतेरी निवांत शेवटच्या बटणापर्यंत पोचली. अर्ज दाखल झाला. त्यावर वसंताच्या आधीची तारीख पडली, आणि ती तारीख आता कुणाला हलवता येणार नाही.

डॉक्टर गेल्यावर ती बाहेर आली. “साहेब, नातियाचा अर्ज गेला.”

मिकेलेने हात पुढे केला. “माझ्या फोनवरून? माझ्या पाठीमागे? दे इकडे तो फोन.”

एतेरीने कानातलं काढलं, त्याच्या टोकाने माझ्या कुशीतलं सिम बाहेर काढलं आणि मला टेबलावर ठेवलं. “फोन तुमचाच आहे, घ्या. नंबर माझा आहे.”

मला वाईट वाटलं, मित्रांनो. खूप वाईट वाटलं. पण त्याहून जास्त अभिमान वाटला. मी तयार होतो, परत त्या खणात जायला.

मिकेलेचा हात पोचायच्या आत फिलोमेनाचा कणकेने भरलेला हात माझ्यावर पडला.

“आई, तुला कशाला हवाय तो?”

“माझी पेन्शन कुणाच्या फोनवर दिसते? तुझ्या. डॉक्टरांची वेळ कुणाला कळते? तुला. एतेरी, गुरुवारी मलाही त्या दुकानात ने. माझ्या नावाचं सिम घ्यायचंय.”

“आई, या वयात? अगं, मी आहे ना! तुझं सगळं मी बघतो.”

“बघतोस ना? मग आता बस आणि बघ,” फिलोमेना म्हणाली आणि तिने मला झग्याच्या खिशात टाकलं.

आता मी तिथेच असतो, कणकेच्या वासात. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं आम्ही सगळेच सांगतो, मीही सांगतो. पण मला नाही जपलंत तरी एक वेळ चालेल. तुमच्या नावाची किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका. आणि कुणी कितीही गोड हसून म्हणालं, “तुझं मी बघतो,” तर मान वर करून सांगा, “नको. माझं मी बघेन.”