निशाणी कपाट

महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक लागली की कुवेतमधल्या मराठी पुरुषांना कंठ फुटतो. यातल्या एकानंही कित्येक वर्षांत बोटाला शाई लावून घेतलेली नाही, पण कुठल्या मतदारसंघात कोण बंडखोरी करणार, कुणाची मतं कोण खाणार, कुणाला कोण आतून मदत करतंय, हे सगळं यांना फिंतासच्या समुद्रकिनारी बसून बरोबर कळतं. शुक्रवारी सकाळी राजन देवस्थळीच्या घरी नाश्त्याला जमायचं आणि पोहे संपले की एकेकानं आपापल्या जिल्ह्याचा अंदाज सांगायचा, अशी पद्धतच पडून गेली आहे. आम्ही बायका त्यांची टर उडवतो आणि कान देऊन ऐकतोही.

यंदा सगळ्यांचं लक्ष माझ्या नवऱ्याकडे होतं, कारण नंदकुमारची सख्खी मोठी बहीणच उभी होती. अपक्ष.

मंदाताई परभणीकडच्या आमच्या तालुक्यात, सरकारी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरात डॉक्टर नाहीत या सबबीखाली त्या वॉर्डाला कुलूप लागलं. बायकांना जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यायला लागले. एक पोरगी वाटेतच बाळंत झाली, तिचं बाळ गेलं. ताईंनी निवेदनं दिली, उपोषणाला बसल्या, आमदारांच्या दारात बसल्या आणि शेवटी सरळ जाऊन उमेदवारी अर्ज भरून आल्या. आम्हाला कळलं ते भरल्यावर. मी पुण्याची, हिशेब खात्यात नोकरी करणारी बाई. प्रचाराला पैसा कुठून आणणार, माणसं कुठून आणणार, असले प्रश्न मला आधी सुचले. मग निवडणूक आयोगानं त्यांना निशाणी दिली कपाट. तेव्हा मात्र मला हसू आवरेना.

माझं हसणं आमच्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे. आधी नुसताच श्वास अडकल्यासारखा होतो, मग एकदम शिट्टीसारखा सूर निघतो आणि तो काही केल्या थांबत नाही. बकाल्यातला, म्हणजे इमारतीखालच्या किराणा दुकानातला, यूनुससुद्धा सामान पिशवीत भरता भरता मला हसवायला बघतो. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट थोडा गर्वच होता.

तर त्या शुक्रवारी पोहे झाले आणि सगळे म्हणाले, “नंदू, बोल आता तुझ्या मतदारसंघाचं!” मी मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

नंदकुमार उठून उभाच राहिला. “ताईची निशाणी कपाट,” तो म्हणाला. “आता कपाट म्हणजे कसं, आमच्या घरात एक कपाट आहे. त्याची किल्ली ताईला वेळेवर सापडलीय, असं मला आठवत नाही. मी कुवेतला निघालो, पासपोर्ट कपाटात आणि किल्ली गायब! लोहाराला बोलावून दार उचकटलं तेव्हा मी विमानात बसलो. ज्या बाईला किल्ली सापडत नाही तिच्या हातात अख्खा मतदारसंघ द्यायचा म्हणजे बघा!”

सगळे खो खो हसले. सगळ्यांच्या वर माझी शिट्टी. हात इतका हलायला लागला की मी रेकॉर्डिंग बंद केलं, डोळे पुसले आणि तिथेच इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकून दिला. खाली चार हसरे चेहरे टाकले. आपलीच तर माणसं.

मोबाइल पर्समध्ये गेल्यावर नंदकुमारचा आवाज बदलला. तो म्हणाला, “चेष्टा सोडा. दवाखान्यात औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या आयुष्यभर तिच्या कमरेला होत्या, एकदा इकडची तिकडे झाली नाही. घरातली हरवायची, कारण घरी यायची ती झोपेनं मेलेली असायची. निम्मा तालुका तिच्या हातावर जन्मलाय. मी तिथं असतो तर दारोदार फिरलो असतो तिच्यासाठी.” राजनच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हे बोलणं व्हिडिओत आलेलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी ताईंचा मुलगा सुयश याचा फोन आला. तो ताईंची प्रचाराची जीप चालवत होता.

“मामी, मामा आहे का?” त्याचा आवाज घोगरा झाला होता. “त्यायचा व्हिडिओ रिक्षावर वाजवायलेत. गावोगाव. सख्खा भाऊ काय म्हणतो ऐका, म्हणायलेत.”

आमच्या ग्रुपवरून तो व्हिडिओ कुणाच्या मेव्हण्याकडे गेला, तिथून कुठे गेला, कळायला मार्ग नाही. ग्रुपवर सगळ्यांनी मी नाही, मी नाही म्हणून हात वर केले. ते खोटं बोलत असतील असंही मला वाटत नाही. चांगली गंमत आपण पुढे पाठवतोच. विरोधकांना त्यात काही कापावंसुद्धा लागलं नव्हतं. कापून मीच दिलं होतं.

आणि गोष्ट नुसत्या चेष्टेवर थांबली नाही. दोन दिवसांत घरातल्या कपाटाचं दवाखान्यातलं कपाट झालं. सिस्टरला औषधाच्या कपाटाची किल्लीच सापडायची नाही, म्हणून अमक्याच्या सुनेला इंजेक्शन वेळेवर मिळालं नाही, तमक्याचं बाळ दगावलं, असं पारावर बोललं जायला लागलं. निवडणूक जिंकणं-हरणं राहिलं बाजूला, बाईनं जन्मभर कमावलेलं नावच पणाला लागलं. ज्या बायांनी ताईंच्या गळ्यात पडून मुलांचे बारशाचे पेढे दिले होते, त्यातल्या काही दार लोटून घ्यायला लागल्या, असं सुयश म्हणाला.

त्यानं रिक्षाचा व्हिडिओही पाठवला. धुळीचा रस्ता, मागे भोंगा बांधलेली रिक्षा आणि भोंग्यातून माझ्या नवऱ्याचा आवाज. शेवटी ते हसणं. रिक्षा थांबली की ते हसणं पुन्हा पुन्हा वाजवत होते, कारण त्यालाच लोक सगळ्यात जास्त हसत होते.

माझी मुलगी कौमुदी कानातला हेडफोन काढून म्हणाली, “ममा, दॅट्स यू.”

“तू अभ्यास कर,” मी खेकसले.

नंदकुमार मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून आला तो तेलानं माखलेल्या कपड्यांतच सोफ्यावर बसला. तिथं दुरुस्तीसाठी शटडाउन चालू होता, बारा-बारा तास ड्यूटी होती. त्यानं ताईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मी समोर बसून मेथी निवडत होते.

“ताई, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “मीच बोललो आणि ग्रुपवरही मीच टाकला तो व्हिडिओ.”

मी मान वर केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्या क्षणी मी फोनकडे वाकून एक वाक्य बोलायचं होतं. मी मेथीची पानं खुडत राहिले. देठंसुद्धा पानांत टाकली.

“जेवलास का रे?” ताईंनी विचारलं.

“ताई, मी सांगतो सगळ्यांना, व्हिडिओ मोडतोड केलेला आहे म्हणून.”

“खोटं कामून बोलायचं? बोललास ते बोललास. आपल्या घरातलं बोलणं होतं, बाहेर गेलं.” मग त्या म्हणाल्या, “नंदू, शेवटची सभा आहे आठवडी बाजाराच्या मैदानावर. त्या दिवशी ये तू. काही बोलू नको. नुस्तं माझ्या बाजूच्या खुर्चीवर बस. लोकायनं बघितलं म्हणजे झालं.”

नंदकुमारनं कपाळ चोळलं. “शटडाउन आहे ताई. कुणाला सोडत नाहीयेत.”

“बरं,” ताई म्हणाल्या. “नोकरी आहे. राहू दे.”

दुसऱ्या दिवशी त्यानं पश्चात्तापाचा आणि ताईंच्या कौतुकाचा एक व्हिडिओ करून पाठवला. नाश्त्याच्या वेळी जे मनापासून बोलला होता, तेच पुन्हा बोलला. पण आता ते पाठ केल्यासारखं वाटत होतं. गावात लोक म्हणाले, बहिणीनं दटावलं म्हणून बोलतोय.

नंदकुमारला सुट्टी नव्हती. माझी होती. मी डिसेंबरात पुण्याला जायचं म्हणून राखून ठेवलेली. ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर मीही बसू शकत होते, सून म्हणून. हे मला फोन चालू असतानाच सुचलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. कौमुदीची परीक्षा आहे, ऑफिसात महिनाअखेर आहे, अशी कारणं मी माझ्याच डोक्यात रचत राहिले. खरं कारण एकच. मला ताईंच्या नजरेसमोर उभं राहायचं नव्हतं. ते हसणं त्यांनी ओळखलं असेल तर? नसेल ओळखलं तर गेलेलं बरं की न गेलेलं?

नंदकुमारनं मला एका शब्दानं विचारलं नाही. भांडला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, बोलणारा तूच होतास म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. तो मात्र ड्यूटीवरून येऊन गुपचूप जेवायचा, ताट स्वतः विसळायचा. त्याच्या चांगुलपणाचा मला इतका संताप यायचा की एकदा मी उगाचच ताट आपटलं. राग माझाच मला आला होता. बकाल्यात यूनुसनं विचारलं, “मॅडम, तबियत ठीक है? हँसी नहीं आ रही आजकल.” मी कोथिंबीर तिथेच विसरून आले.

मग सुयशनं आणखी एक व्हिडिओ पाठवला. कसल्याशा वाडीवर ताईंची छोटी सभा होती. ताई उभ्या राहून वॉर्डाच्या कुलपाबद्दल बोलत होत्या आणि मागे कट्ट्यावर बसलेली पोरं एकेक करून ते हसणं हसत होती. आधी श्वास अडकवायचा, मग शिट्टी. हुबेहूब. ताई बोलायच्या थांबल्या, पाणी प्याल्या, पुन्हा बोलायला लागल्या. पोरं पुन्हा हसली. त्यांतली किती तरी त्यांच्याच हातावर जन्मलेली असणार.

मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते पाहिलं. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही. तिथूनच फोन लावला.

“ताई, बोलू शकता का?”

“बोल. जीपमध्येच आहे.”

“ताई, तो व्हिडिओ मी काढला होता. ग्रुपवर पण मीच टाकला. नंदकुमार तुमच्याशी खोटं बोलला, माझ्यासाठी. तो तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलला होता हो त्या दिवशी, पण तोवर मी रेकॉर्डिंग बंद केलं होतं. हसत होते म्हणून.”

पलीकडे जीप खड्ड्यातून गेल्याचा आवाज आला. ताई सुयशला म्हणाल्या, “हळू रे.” मग मला म्हणाल्या, “माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? लग्न होऊन आलीस तवापासून ऐकायले मी ते हसणं. सुट्टीला तुम्ही यायचात, मी ड्यूटीवरून यायची, आणि गल्लीतूनच तुझं हसू ऐकू यायचं. लई बरं वाटायचं. दिवसभराचं सगळं निघून जायचं.” “पहिल्या दिवशी रिक्षा दारावरून गेली, तवाच ओळखलं.”

मी रडत होते. रडताना माझा काही आवाज येत नाही, तेवढं एक बरं.

“मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?”

“लोकं विचारायलेत ना, ही बाई कोण म्हणून. मी म्हणते, मला काय माहीत, असंल तिथलीच कुणी. क्षितिजा, भावानं चेष्टा केली तर लोकं चार दिवसांनी सोडून देतात. भावजय हसली म्हणलं तर जन्मभर सोडत नाहीत. निवडणूक काय, आज आहे उद्या नाही. तुला इथं यावं लागतंय. पोरीचं लग्नकार्य इथल्या माणसांत करावं लागतंय.”

ज्या बाईचं नाव गावोगाव धुळीला मिळत होतं, ती भोंग्यातल्या माझ्या हसण्याला नाव मिळू नये म्हणून रोज खोटं बोलत होती. भावाला खोटं कामून बोलायचं म्हणणारी बाई. मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

“मी येते ताई,” मी म्हटलं. “शेवटच्या सभेला. तुमच्या बाजूच्या खुर्चीवर मी बसते. माझी सुट्टी आहे, आधीपासून होती. मी सांगते सगळ्यांना, मीच हसले म्हणून.”

“सांगायचं काही नाही,” ताई एकदम सिस्टरच्या आवाजात म्हणाल्या. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्या बायांना गप्प करायचा आवाज असणार तो. मग नरमल्या. “ये तू. साडी नेसून ये, चांगली जरीची. माझ्याजवळ बस. बाया बघतील, सून आली म्हणतील. तेवढ्यानं चार दारं उघडली तर उघडली.”

“हो ताई.”

“आणि एक,” ताई हलकेच म्हणाल्या. “इथं आल्यावर कुठं हसू नको बाई. लोकं ओळखतील.”