एका वेळी एकच बिघाड

आमच्या गाडीत एक नियम होता आणि तो मी केलेला होता, हे आधीच सांगून टाकते. गाडी बंद पडली की ती सुरू होईपर्यंत दुसरी कुठलीही तक्रार काढायची नाही. दाढ दुखो, ताप येवो, कुणाशी भांडण होवो. एका वेळी एकच बिघाड. हा नियम नसता तर आमचे हे आज कदाचित असते. डॉक्टरांनी तसं तोंडावर म्हटलं नाही, पण न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही.

गाडी म्हणजे माल वाहायची जुनी व्हॅन. मागे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली सुटे भाग आणि हत्यारं, दाराशी माझी शेगडी. हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. कुठे शिंप्याचं दुकान, कुठे शिवणवर्ग, कुठे कपड्यांचा लहानसा कारखाना. मुलीचं लग्न झालं, भाड्याची खोली सोडली आणि त्या डब्यात आम्ही अकरा वर्षं संसार केला. लोक म्हणायचे, काय मजा आहे बुवा तुमची, रोज नवं गाव! मजा होती, नाही कशाला म्हणू? पण त्या मजेत गाडीखाली पाय बाहेर काढून पडलेला नवरा आणि रस्त्याच्या कडेला पाण्याचा कॅन धरून उभी बायको हे दृश्य दर दोन महिन्यांनी ठरलेलं.

दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्स गेला. त्याच दिवशी माझी दाढ ठणकत होती, त्याच दिवशी विहीणबाईंचा फोन आला आणि त्याच दिवशी हे इंजिनाखालून माझ्यावर खेकसले. मी पातेलं उचललं आणि भर उन्हात चालायला लागले. तीन किलोमीटर गेले. पातेलं कशाला घेतलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. परत आले तेव्हा हे पायरीवर बसून हसत होते, मग मीही हसले आणि हसता हसताच हा नियम केला.

यांना तो भलताच मानवला. पुढे एकदा क्लचप्लेट गेली असताना थोरल्या भावाच्या मरणाची बातमी यांनी दीड दिवस पोटात ठेवली. ताकास तूर लागू दिली नाही. प्लेट बसली, गाडी सुरू झाली, तेव्हा हात पुसत पुसत म्हणाले, "दादा गेला गं." मी रागावले खरी, पण नंतर तीच गोष्ट मी चार लोकांत कौतुकाने सांगत असे.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, चढणीवर, पाण्याचा पंप गेला. बॉनेटमधून वाफ यायला लागली. रस्त्याकडेला ट्रक तोलायचा एक बंद पडलेला वजनकाटा होता, त्याच्या आवारात गाडी घ्यायची म्हणून शेवटची वीस-पंचवीस पावलं आम्ही दोघांनी ती ढकलली. हे एकसष्ट वर्षांचे, मी सत्तावन्नची. ढकलून झाल्यावर हे बराच वेळ गाडीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, "झाली ना हौस?"

जवळच्या गावात ओळखीचा एक मेकॅनिक होता. मागच्या खेपेला यांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, की तू गाड्यांपेक्षा सायकली दुरुस्त कर, तेवढंच पुण्य लागेल. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आता त्यालाच फोन लावला. माणूस मनाने चांगला. म्हणाला, "काका, पंप उद्या दुपारच्या बसने पाठवतो. बसवायला येऊ का?" हे म्हणाले, "नको, मी आहे."

चारच्या सुमाराला मी दारात कांदा चिरत बसले होते. हे समोर काट्याच्या ओट्यावर बसले होते. उजव्या हाताने डावा हात दाबत होते, कोपरापासून वर खांद्यापर्यंत. चेहरा राखेसारखा झाला होता.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. गाडी सुरू झाली की सांगतो."

"हात दुखतोय का?"

"नियम कुणाचा गं? तुझाच ना?"

मला हसू आलं. "बरं," म्हटलं आणि उरलेला कांदा चिरला.

मनात पाल चुकचुकली नाही असं मी म्हणणार नाही. चुकचुकली. फोनला रेंज होती, समोरून दर पाच मिनिटांनी गाडी जात होती. पण पुढच्या गावी शिवणवर्गाच्या बावीस मशीन आमची वाट बघत होत्या, आणि माझ्या डोक्यात पंपाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. संध्याकाळी हे जेवले नाहीत. पित्त झालं असेल म्हणून मी गोळी पुढे केली, तर मानेनेच नको म्हणाले. मीही जोर केला नाही.

बुधवारी दोनची बस आली. कंडक्टरने खिडकीतून खोकं दिलं. हे उठले, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "ये, तू आवळ."

अकरा वर्षांत यांनी मला गाडी चालवायला शिकवलं, पण पान्याला हात लावू दिला नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर जागचा हलला तरी घर डोक्यावर घ्यायचे. त्यामुळे मी जी हरखले ती विचारू नका. पदर खोचून कामाला लागले. हे शेजारी पाण्याच्या कॅनवर बसून सांगत होते. आधी जुनं पॅकिंग खरवडून काढ. आता बोल्ट लाव. समोरासमोरचे आवळत जा, एकच घट्ट करून बसू नकोस. मध्येच थांबायचे, दम घ्यायचे, मग पुढचं. मी सावलीत होते तरी घामाघूम, आणि हे नुसते बसून माझ्याहून जास्त भिजलेले. मी म्हटलं, "बसल्या जागी घाम? म्हातारे झालात हो!" ते थोडंसं हसले. मला वाटत होतं, अखेर नवऱ्याचा विश्वास बसला आपल्यावर. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

साडेचारला पाणी भरलं. "चावी तूच लाव," म्हणाले. मी लावली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. खाली वाकून बघितलं, थेंब गळत नव्हता. मी टाळ्या वाजवत यांच्यापाशी आले. हे दाराला धरून उभे होते.

"नीट चालतीय ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम झकास!"

"मग आता सांगतो. छातीत दुखतंय गं. कालपासून."

एवढं बोलून ते खाली बसले.

त्यांना पलंगावर कसं घेतलं ते आठवत नाही. शहरातलं हॉस्पिटल तीस किलोमीटर होतं. गाडी मी चालवली. मी मागे न बघता ओरडत होते, "अहो, बोलत राहा, काहीही बोला." बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "काटा कुठाय?"

"मध्ये आहे. इंजिन गरम नाही होत."

"छान."

त्यानंतर मी हाका मारत राहिले, त्यांनी ओ दिली नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्याच वयाच्या. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"

"काल चारपासून. त्याआधीपासूनही असेल."

त्या लिहायच्या थांबल्या. "काल? तुम्ही होतात तिथे?"

"होते."

त्यांनी कागदावर वेळ लिहिली आणि त्या आत गेल्या. तासाभराने त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या, तेव्हाच मला कळलं.

मुलगी सकाळी पोचली. रडून झाल्यावर माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "बाबा असेच होते," ती म्हणाली. "तुला कळूच दिलं नसणार त्यांनी. तू स्वतःला दोष लावून घेऊ नकोस, आई."

मी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. ती तेवढ्यावर थांबली असती, सगळ्यांना तसंच सांगितलं असतं, आणि माझंही म्हातारपण तिच्या घरात सुखाने गेलं असतं. पण यांनी तोंड मिटून ठेवलं त्याचं काय झालं ते बाजूच्या खोलीत चादरीखाली होतं.

"मला कळलं होतं," मी म्हटलं. "हात दाबत होते. मी विचारलं. गाडी सुरू झाली की सांगतो म्हणाले."

"मग?"

"मग मी बरं म्हटलं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे कांदा चिरला."

मग तिने तिचे हात हळूच काढून घेतले, मांडीवर ठेवले, आणि आम्ही दोघी त्याच बाकावर बसून राहिलो.